प्रू गेल्यावर पायपर एवढी चिडकी का झाली?

प्रश्न: ताई, मी आणि माझी मोठी बहीण 'चार्म्ड' ही चेटकीण बहिणींची सिरीयल एकत्र बघायचो. दीड वर्षापूर्वी ती गेली. आता परत बघायला घेतली तर चौथ्या सीझनमधली पायपर सहनच होत नाही, सगळ्यांवर डाफरते, नव्या बहिणीशी तर धड बोलतही नाही. आणि खरं सांगते, हल्ली घरात मी पण अशीच वागते. धाकटी म्हणते, तू ताई व्हायला बघतेस आणि जमलं नाही की आमच्यावर चिडतेस. पायपरला लेखकांनी बिघडवलं की दुःखाने माणूस खरंच असं होतं? धाकटीसोबत बघायची आहे, कुठून सुरू करू?

उत्तर: बिघडवलं नाही गं. उलट आठ सीझनमध्ये त्या सिरीयलने जे काही केलं त्यातलं सगळ्यात खरं मला हेच वाटतं. आठव, थोरली बहीण प्रू होती तेव्हा पायपर मधली होती, प्रू आणि धाकट्या फीबीचं वाजलं की मध्ये पडायचं, दोघींना शांत करायचं, आणि शेवटचा शब्द प्रूचा. मग १७ मे २००१ च्या एपिसोडमध्ये शॅक्स नावाचा राक्षस प्रू आणि पायपरला भिंतीतून आरपार फेकतो, पायपरचा नवरा लिओ जादूने तिला वाचवतो पण प्रू तोवर गेलेली असते. म्हणजे घाव दोघींवर एकच, उठली एकटी पायपर, आणि उठली ती थेट मोठी बहीण म्हणून, तिला कुणी विचारलं पण नाही.

त्यानंतर ती माळ्यावर मंत्रांवर मंत्र म्हणत प्रूला परत आणायला बघते. त्या घरात मेलेली आजी येते, मेलेली आई येते, बोलतात, मिठी मारतात, फक्त प्रू येत नाही, आणि मंत्राने येते कोण तर पेज, जिचं अस्तित्वच या बहिणींना माहीत नव्हतं अशी सावत्र बहीण. पायपर तिच्याशी गोड वागली असती तर मी ती सिरीयल तिथेच बंद केली असती.

आता चौथ्या सीझनचा तिसरा एपिसोड बघ. पायपर राक्षसांच्या मागे वेड्यासारखी लागते, आत कोंडलेल्या रागामुळे तिचीच फ्यूरी, म्हणजे सूड घेणारी राक्षसी होते, आणि तो राग राक्षसांवर नसतोच, तो प्रूवर असतो. मला सोडून गेलीसच कशी, असं ती थडग्यासमोर ओरडते आणि मग कोसळते. हे ओळखते ती पेज, कारण तिचे दत्तक आईवडील अपघातात गेलेले असतात आणि गेलेल्या माणसावर चिडणं काय असतं ते तिला माहीत असतं. आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही म्हणतात, मग हा राग जाणार कुठे, तो धाकटीवर निघतो, नवऱ्यावर निघतो, कुकरच्या झाकणावर निघतो. तुझ्या ताईवर तू चिडली आहेस का गं? असलीस तर त्यात तिचा काहीही अपमान नाही.

एक गोष्ट मात्र मला अजूनही खुपते, पुढच्या सीझनमध्ये त्या घरात प्रूचा साधा फोटोसुद्धा दिसत नाही. प्रूचं काम करणारी शॅनन डोहर्टी सिरीयल सोडून गेली होती, त्यामुळे असेल, पण ज्या घरात तिघी वाढल्या तिथे एक भिंत तिच्यासाठी नको?

धाकटीची बाजू बघायची असेल तर 'बफी' बघ, व्हॅम्पायर मारणाऱ्या बफी नावाच्या मुलीची सिरीयल. योगायोग म्हणजे बफी मरते तो एपिसोड पण मे २००१ चाच, २२ तारखेचा. सहाव्या सीझनच्या सुरुवातीला तिची धाकटी बहीण डॉन रात्री बफीसारख्या दिसणाऱ्या रोबोटशेजारी जाऊन झोपते, तो बिचारा चार्जिंगला लावलेला असतो. ते बघून मी खूप रडले. पुढे बफी जादूने परत येते तरी डॉन दुकानांतून छोट्या छोट्या वस्तू चोरते, आणि घरात कितीतरी दिवस कुणाच्या लक्षातच येत नाही. तुझी धाकटी तुला निदान तोंडावर बोलते आहे.

तर सुरुवात तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडपासून कर, मग चौथ्याचे पहिले तीन सलग बघा. तिसरा चालू असताना कुणी फोन केला तरी उचलू नका. आणि थडग्याचा सीन आला की लगेच तिच्याकडे बघू नकोस, तिला तिच्या वेळेने रडू दे.