आधी रुमाल सोड, मग समुद्र

प्रिय लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. रत्नागिरीत वाढलेल्या, डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकणाऱ्या मुलीला टेक्ससच्या किनाऱ्याला बुडालेल्या स्पॅनिश जहाजांवर काम करायचंय, हे वाचून मला फार आनंद झाला. तू विचारलंयस, "मावशी, डायव्हिंगचा कोर्स आत्ताच करू की परदेशी आल्यावर?" जमेल तेव्हा कर. पण आधी मोडी शीक.

गंमत करत नाहीये. 1554 च्या ज्या तीन जहाजांचं तुला वेड लागलंय, त्यांचे कागद स्पेनमध्ये सेव्हिल्याच्या दफ्तरखान्यात आहेत. आर्काइव्हो हेनेराल दे इंदियास हे त्याचं नाव, 1785 मध्ये स्थापन झालेला. तिथे कागदांच्या दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यांना 'लेगाहो' म्हणतात. पेशवे दफ्तरातला आपला रुमालच तो. त्यातली सोळाव्या शतकातली प्रोसेसाल लिपी पहिल्यांदा समोर आली की डोळे गरगरतात. कारकुनाने लेखणी उचललेलीच नसते. एका अक्षराची शेपटी दुसऱ्यात, एक शब्द संपला कुठे आणि पुढचा सुरू कुठे झाला ते कळत नाही. माझ्याबरोबर शिकणारी मुलं रडकुंडीला आली होती. मला मात्र आजोबांनी लहानपणी गिरवून घेतलेली मोडी आठवली. लिप्यांचा एकमेकींशी संबंध काही नाही, पण वाचायची सवय तीच लागते: आधी ओळीचा सूर पकडायचा, त्या कारकुनाचे लाडके फाटे ओळखायचे, आणि अडलेल्या शब्दापाशी थांबायचं, अंदाज ठोकायचा नाही. ही बैठक तुला पुण्यात बसून कमावता येईल. स्पॅनिश भाषाही आत्ताच सुरू कर.

आता त्या जहाजांविषयी. 9 एप्रिल 1554 ला मेक्सिकोतल्या वेराक्रूझजवळच्या सान हुआन दे उलुआ बंदरातून चार जहाजं निघाली. आधी हवाना, मग स्पेन. पोटात चांदी, मेक्सिकोच्या टांकसाळीत पाडलेली नाणी, कातडी, आणि लाल रंगासाठी वाळवलेले कोचिनील किडे. वाटेत वादळाने गाठलं. एक जहाज, सान आंद्रेस, कसंबसं हवानाला पोहोचलं. उरलेली तिन्ही, सान एस्तेबान, एस्पिरितू सांतो आणि सांता मारिया दे इसियार, 29 एप्रिलला टेक्ससच्या पाद्रे बेटाच्या वाळूवर आदळून फुटली. तिन्हींवर मिळून सुमारे तीनशे माणसं होती.

पुढची गोष्ट तू कुठेतरी ऐकली असशीलच. वाचलेले लोक मेक्सिको जवळच आहे समजून किनाऱ्याने चालत निघाले, वाटेत बाणांनी आणि तहानेने एकेक करत मेले, आणि एक साधू तेवढा जिवंत पोहोचला. ऐकताना अंगावर काटा येतो. पण ती गोष्ट छापली गेली 1596 मध्ये, घटनेनंतर 42 वर्षांनी, एका डॉमिनिकन साधूने लिहिलेल्या आपल्याच संघाच्या इतिहासात. म्हणजे ती बखर झाली. त्याच 1554 च्या उन्हाळ्यात सरकारने पाणबुडे पाठवून निम्म्याहून थोडी कमी चांदी वर काढली, आणि त्या कामाचे जे कागद झाले, ते अस्सल. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या मुलखातल्या मुलीला हा फरक मी काय समजावणार? बखर टाकून देऊ नकोस, पण कागदाशेजारी ठेवूनच वाच. किती चांदी चढली आणि किती निघाली, हा रुक्ष हिशोबच पुढे समुद्रतळावर काय राहिलं असेल ते सांगतो.

मला तुझ्याशी खरं बोलायचंय ते या तीन जहाजांच्या नंतरच्या नशिबाविषयी. एकाच दिवशी, एकाच वादळात, काही मैलांच्या अंतरात ती बुडाली. चारशे वर्षं वाळूखाली सुखरूप होती. मग आपण आलो.

सांता मारिया दे इसियार 1950 च्या दशकात गेली. बेट कापून मॅन्सफिल्डचा जलमार्ग खोदताना गाळ उपसणारा ड्रेजर तिच्यावरूनच गेला. कुणाचा वाईट हेतू नव्हता. खाली काय आहे हे बघायची कुणावर सक्तीच नव्हती.

एस्पिरितू सांतो 1967 मध्ये एका खासगी कंपनीने उपसली. नाणी, तोफा, सूर्य-तारे बघून वाट काढायचे ॲस्ट्रोलेब निघाले. राज्य सरकार जागं झालं, कोर्टात गेलं, 1969 मध्ये टेक्ससने पुरावस्तूंचा कायदा केला, आणि तो वाद 1984 पर्यंत चालला. वस्तू शेवटी राज्याकडे राहिल्या. आज त्या बघता येतात, सुंदर आहेत. पण कुठली वस्तू कशाशेजारी होती, कशाच्या खाली होती, जहाजाच्या कुठल्या भागात होती, हे विचारलंस तर उत्तर नाही. आता कितीही पैसे ओतले तरी ते मिळणार नाही.

सान एस्तेबानच्या वाट्याला 1972 पासून राज्याचे पुरातत्त्वज्ञ आले. मॅग्नेटोमीटरने आधी लोखंडाच्या जागा शोधल्या, मग उथळ, गढूळ, लाटांनी ढवळलेल्या पाण्यात प्रत्येक वस्तूची जागा नोंदवत काम केलं. जहाजाच्या कण्याचा मागचा तुकडा हाती आला. तो आज कॉर्पस क्रिस्टीच्या संग्रहालयात आहे. सोळाव्या शतकातलं स्पॅनिश व्यापारी जहाज कसं जोडत असत, हे त्या ओंडक्याने सांगितलं. त्यात चांदीचा कणही नाही, तरी तिन्ही जहाजांतून निघालेल्या सगळ्या वस्तूंत मला तोच जास्त मोलाचा वाटतो.

आता माझं काम, वर काढलेल्या वस्तू टिकवण्याचं, कारण तू फक्त पाण्याखालचं विचारलंयस आणि पाण्याबाहेरचं तुला कुणी सांगितलेलं नाही. लोखंड समुद्रात गंजतं तसा त्याच्याभोवती चुना, वाळू आणि शिंपले यांचा दगडासारखा गोळा जमतो. आम्ही त्याला काँक्रिशन म्हणतो. बाहेरून तो नदीतल्या ओबडधोबड धोंड्यासारखा दिसतो. एक्स-रे काढला की आत खिळ्याची सावली. पुष्कळदा आतलं लोखंड पूर्ण विरघळून गेलेलं असतं, काळा चिखल तेवढा उरतो. मग बारीक भोक पाडायचं, चिखल धुऊन काढायचा, त्या पोकळीत इपॉक्सी ओतायचं, आणि ते घट्ट झालं की हवेच्या छिन्नीने कवच कणाकणाने उडवायचं. चारशे सत्तर वर्षांपूर्वी लोहाराने खिळ्याच्या माथ्यावर मारलेल्या घणाचे पैलू त्यात उमटतात. सान एस्तेबानच्या अशाच गोळ्यांत झुरळं सापडली होती. कुठल्या मालाच्या यादीत झुरळ लिहिलेलं असतं सांग! सोनं शोधणाऱ्याने तो गोळा हातोड्याने फोडला असता आणि आत काही चमकलं नाही म्हणून फेकून दिला असता.

लोखंड शिल्लक असलं तर वेळ जास्त लागतो. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवून अगदी मंद वीज सोडायची. आत मुरलेलं मीठ निघायला कधी महिने, तोफ असेल तर वर्षं. मग पाणी बदलत उकळायचं, टॅनिक आम्लाचा हात द्यायचा, वर मेण. टॅनिक आम्लाने लोखंड काळंभोर होतं, आपल्याकडे हिरडा आणि लोखंडाने शाई व्हायची तसंच.

माझ्या हातून शिकाऊ असताना एक नुकसान झालं. एका काँक्रिशनला दोराचा तुकडा चिकटून आला होता, बोटभर लांब, पिळाचे तिन्ही पदर स्पष्ट. त्यावर ओला फडका टाकायचा मी विसरले आणि जेवायला गेले. वर दिवा चालू. परत आले तेव्हा पदर उलगडून भेगाळले होते. चिमट्याने धरायला गेले तर पीठ झालं. कुणी रागावलं नाही, पण मला ते अजून दिसतं. म्हणून उत्खननाचा कुठलाही प्रस्ताव हाती आला की मी पहिलं विचारते: वर काढलेलं ओलं कुठे ठेवणार, आणि पाचव्या वर्षी त्याच्या टाक्यांचं पाणी कोण बदलणार? उत्तर नसेल तर वस्तू वाळूखालीच राहू दे. युनेस्कोच्या 2001 च्या करारातही हेच आहे, जागच्या जागी जतन हा पहिला पर्याय. अमेरिकेने त्याला मान्यता दिलेली नाही, भारतानेही नाही. तरी तू तो पाळ.

तू तो मेर्सेदेस या स्पॅनिश जहाजाचा माहितीपट बघून भारावलीस, ते समजू शकते. 2007 मध्ये एका अमेरिकी कंपनीने अटलांटिकच्या तळावरून जवळजवळ सहा लाख नाणी उचलून फ्लोरिडात आणली, स्पेनने दावा लावला, आणि 2012 मध्ये ती सगळी विमानांनी माद्रिदला परत गेली. मात्र तो दावा कशावर उभा राहिला ते बघ. 5 ऑक्टोबर 1804 ला स्फोट होऊन बुडालेली ती आरमारी फ्रिगेट होती, हे सिद्ध करायला दफ्तरातले कागद लागले. युद्धनौका म्हणून ती स्पेनचीच राहिली. व्हर्जिनियाजवळच्या ला गाल्गा आणि हुनो या जहाजांचा निकाल 2000 मध्ये असाच स्पेनच्या बाजूने लागला होता. पाद्रे बेटाची जहाजं व्यापारी. ती टेक्ससच्या ताब्यात आहेत. म्हणून कायदाही थोडा वाच. जहाज कुणाचं हे ठरल्याशिवाय त्याचं रक्षण कुणी करायचं हे ठरत नाही.

रक्षणाचं म्हणशील, तर पाद्रे बेटाचा मोठा भाग 1962 पासून राष्ट्रीय किनारा आहे. तिथे मेटल डिटेक्टर न्यायला बंदी आहे, वस्तू उचलायलाही. पण सुमारे सत्तर मैलांच्या वाळूवर पहारा किती ठेवणार? वादळानंतर नाणं वर येतं ते मासे पकडायला गेलेल्या माणसाला दिसतं. त्याने ते खिशात घालायचं की जागच्या जागी फोटो काढून कळवायचं, यावर सगळं आहे. त्याच वाळूत केम्प्स रिडले कासवं अंडी घालतात, आणि ती पाहिली की मला आपलं वेळास गाव आठवतं. तिथे कासवं वाचली ती गावातली माणसं रात्री किनाऱ्यावर उभी राहिली म्हणून. तू इथे आलीस की पहिला महिना त्या मासेमाऱ्यांशी बोल. त्यांना व्याख्यान देऊ नकोस, त्यांचं ऐक. आणि जहाजांच्या जागेचे अक्षांश-रेखांश कधी, कुठेही, फोटोतसुद्धा उघडे टाकू नकोस.

समुद्रातल्या सरावासाठी इथे यायची वाट बघायला नको. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या लोकांनी सुंची रीफवर बुडालेल्या पोर्तुगीज काळातल्या जहाजाचा अभ्यास केलाय, तोफा, हस्तिदंत, मातीची भांडी सगळं नोंदवून. त्यांचे अहवाल वाच, त्यांना लिही.

सेव्हिल्याच्या दफ्तरातले पुष्कळ कागद पारेस नावाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. सोबत तिथलंच एक पान पाठवतेय. पहिल्या दोनच ओळी घे. जे लागेल ते लिही, जे लागणार नाही तिथे ठिपके सोड, आणि दिवाळीच्या आत मला पाठव. ठिपके जास्त असले तरी चालतील.

तुझी,
मावशी