आधी विषाणू मोजायला शीक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. पीएचडीसाठी दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एका प्रयोगशाळेत मेंदूपर्यंत पोहोचतील असे नवे कॅप्सिड, म्हणजे विषाणूची कवचं, शोधतात, दुसरीत हिमोफिलियासाठी एएव्ही (अ‍ॅडेनो-असोसिएटेड व्हायरस, जनुक वाहून नेणारा विषाणू) बनवून उंदरांच्या यकृतात तपासतात. दुसरं काम ‘जरा जुनाट’ वाटतं, असं तू लिहिलंयस. मला विचारशील तर दुसरीकडे जा.

का ते सांगते. आपल्या जीन थेरपीच्या क्षेत्रात कोणतं जनुक द्यायचं हे बहुतेकदा आधीच ठरलेलं असतं. हिमोफिलिया बी असेल तर फॅक्टर ९, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी असेल तर एसएमएन१. खरी झटापट असते ती ते योग्य पेशीत पोहोचवण्याची आणि किती पोहोचलं हे छातीठोकपणे सांगण्याची. पहिलं ज्याला त्याला करायचं असतं. दुसरं येणारी माणसं मात्र शोधावी लागतात.

एएव्हीचंच बघ. १९६५ मध्ये तो सापडला तो अ‍ॅडेनोव्हायरसच्या नमुन्यांतली भेसळ म्हणून. रोग करत नाही, दुसऱ्या विषाणूच्या मदतीशिवाय धड वाढत नाही, मग त्याच्याकडे कोण बघणार? फ्लोरिडात निकोलस मुझिचका यांच्याकडे शिकणाऱ्या ज्यूड सॅमुल्स्कीनं १९८२ मध्ये त्याचा जीनोम प्लास्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यात, बसवला. ते प्लास्मिड मानवी पेशींत घातलं आणि अ‍ॅडेनोव्हायरसची जोड दिली की अख्खा विषाणू परत मिळायचा. त्या वेळी ही बातमी नव्हती. पण पुढची सगळी इमारत त्या प्लास्मिडवर उभी राहिली. १९८४ मध्ये जनुक वाहून नेणारे पहिले व्हेक्टर, १९९५ मध्ये पहिला रुग्ण आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत लक्सटर्ना या अंधत्वावरच्या एएव्ही औषधाला मंजुरी. पस्तीस वर्षं झाली. तेव्हा पीएचडी संपेपर्यंत औषध निघेल, ही आशा आत्ताच सोडून दे.

हातानं काय शिकायचं, तेही लिहिते. सुरुवात आयटीआरपासून कर. जीनोमच्या दोन्ही टोकांचे हे १४५ बेसचे तुकडे स्वतःवरच दुमडतात. ई. कोलाय या जिवाणूला ते आवडत नाहीत, त्यामुळे प्लास्मिड वाढवता वाढवता तो त्यातला भाग गुपचूप गाळून टाकतो. म्हणून प्लास्मिडच्या प्रत्येक प्रेपनंतर एसएमए-१ एन्झाइमनं कापून जेल चालवायची. ‘मागच्या वेळी बरोबर होतं’ असं म्हणणाऱ्या सीनियरवर विश्वास ठेवू नकोस, कितीही भला माणूस असला तरी.

मग ग्रेडियंट, म्हणजे विषाणू शुद्ध करणं. आयोडिक्सॅनॉलचे १५, २५, ४० आणि ६० टक्क्यांचे थर एकाखाली एक सोडायचे. २५ आणि ६० मध्ये फिनॉल रेड घालतात, म्हणून ४० चा थर मधे पारदर्शक दिसतो. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब काढली की ४० आणि ६० च्या सीमेच्या किंचित खाली सुई टोचायची, तोंड वर ठेवून, आणि सावकाश ओढायचं. २५ आणि ४० च्या सीमेवर पांढुरका पट्टा दिसतो. त्यात पेशींची प्रथिनं असतात आणि रिकामे कॅप्सिड, म्हणजे जनुक नसलेली नुसती टरफलं. तो पट्टा जवळ यायच्या आधी थांबायचं. अजून थोडं मिळेल या मोहानं ओढत राहिलीस तर आकारमान वाढेल, औषध नाही. उलट ती टरफलं रुग्णाच्या प्रतिकारशक्तीला डिवचतील ती वेगळीच.

आणि मोजणी. पीसीआर लावण्याआधी डीएनेझ घालून बाहेर तरंगणारं प्लास्मिड नष्ट केलं नाही, तर यंत्र तेही विषाणू म्हणून मोजतं. मग टायटर, म्हणजे विषाणूंचा मोजलेला आकडा, इतका सुंदर येतो की बघत राहावं. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीवरच्या झोलजेन्स्माचा डोस किलोमागे १.१ × १०^१४ व्हेक्टर जीनोम आहे. त्या पातळीवर मोजणीत दुपटीची चूक झाली तर यकृतावर काय बेतू शकतं, याचा विचार कर. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या जीन थेरपीनंतर चालू न शकणाऱ्या दोन मुलांचे मृत्यू २०२५ मध्ये समोर आले, तेही यकृत निकामी होऊन. तिथे मोजणी चुकली होती असं मी म्हणत नाही. इतक्या मोठ्या डोसला चुकायला जागा राहत नाही, एवढंच म्हणते.

जेसी गेल्सिंगरबद्दल तू वाचलं असशीलच, तरी पुन्हा वाच. अठरा वर्षांचा मुलगा, यकृतातल्या ओटीसी या एन्झाइमची कमतरता असलेला, पण औषधं आणि पथ्यावर बरा चाललेला. सप्टेंबर १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत त्याला अ‍ॅडेनोव्हायरस दिला गेला आणि चार दिवसांत तो गेला. त्याच्यानंतर हे क्षेत्र कित्येक वर्षं अंग चोरून वावरलं. एएव्हीकडे लोक मोठ्या संख्येनं वळले, त्यामागे हेही एक कारण आहे.

‘भारतात परत येऊन काही होईल का’ हा तुझा प्रश्न. होतंय की. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून निघालेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्या टी-पेशींत जनुक नेतो तो लेंटीव्हायरस, म्हणजे आणखी एक विषाणूच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं हिमोफिलिया ए साठी रुग्णाच्याच मूळपेशींत लेंटीव्हायरसनं फॅक्टर ८ घातला आणि पाच रुग्णांचे निकाल २०२४ च्या डिसेंबरात छापले. रक्तात एएव्हीविरोधी अँटिबॉडी असतील तर एएव्ही चालत नाही, आणि अशा व्यक्ती पुष्कळ असतात. वेल्लोरच्या वाटेत ती अडचण येत नाही. एएव्हीवर निष्ठा वाहायची नाही. रुग्णाला काय चालतं ते बघायचं.

पैशांचं म्हणशील तर झोलजेन्स्मा, म्हणजेच ‘सोळा कोटींचं इंजेक्शन’, २०२१ मध्ये मुंबई-पुण्यात घराघरांत पोहोचलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून वर्गणी गोळा होत होती. ती किंमत नुसत्या उत्पादनखर्चातून आलेली नाही, कंपनीनं लावलेली आहे. पण विषाणू भरपूर, स्वच्छ आणि आपल्याकडे बनवता येत नाही, तोवर भाव करायला आपण बसणार कुठल्या तोंडानं?

मुलाखतीत गाईडना एवढं नक्की विचार: टायटर कोण मोजतं, आणि भरलेल्या-रिकाम्या कॅप्सिडचं प्रमाण कसं काढता? उत्तर ‘ते बाहेरून करून घेतो’ असं आलं तर तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याशी चहाच्या टपरीवर बोलून मगच हो म्हण. निर्णय झाला की कळव.

तुझी,
मॅडम