पहिली भाजी पडवळाची करा

गणपतीनंतर कोकणातल्या बाजारात पडवळ, दोडका, भेंडी, लाल भोपळा सगळंच दिसतं. तुम्ही पडवळापासून सुरुवात करा. अळू सध्या नकोच, त्याची खाज घालवणं नंतर शिकाल.

पाव किलो कोवळं पडवळ घ्या. नख सहज रुतलं पाहिजे. बिया काढा, पातळ चिरा आणि एक तुकडा कच्चाच चाखा. कडू लागलं तर सरळ टाकून द्या. शिजवून कडूपणा जात नाही, शिवाय पोट बिघडतं.

2 चमचे तेलात मोहरी पूर्ण तडतडू द्या. नवशिक्यांची घाई इथेच होते आणि कच्ची मोहरी भाजीभर कडवट लागते. मग हिंग, हळद, 2 हिरव्या मिरच्या, अर्धा तास भिजवलेली 2 चमचे मूगडाळ आणि पडवळ. पाणी भाजीत नाही, झाकणावर ओता. मंद आचेवर 10-12 मिनिटं. डाळ बोटाने चेपली गेली की झालं.

मीठ भाजी आळल्यावरच घाला, आधी अंदाज हमखास चुकतो. ओलं खोबरं अगदी शेवटी, गॅस बंद करताना.

हे जमलं की दोडका असाच करा. त्याला पाणी जास्त सुटतं, म्हणून शेवटची 3-4 मिनिटं झाकण काढून परता.