‘बाबा गावाला गेलेत’

“मॅडम, बाकीच्यांचे आईबाप शाळेत येतात, कामाला हात लावतात. आम्हाला जमंना. लेकराचं नुकसान होतंय का?”

जून-जुलैत शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न माझ्यासमोर येतोच. विचारणाऱ्यात दोन पाळ्यांत काम करणारे असतात, चार घरची पोळी-भाजी करणाऱ्या बायका असतात, आणि लॅपटॉपवरून मान वर न काढता येणारे आयटीतले आईवडीलही असतात. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच मागे पडलोय. या प्रश्नाचं उत्तर मी एका वडिलांकडून आणि त्यांच्या मुलीकडून शिकले. ते दोघं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलीला इथे मुक्ता म्हणते.

पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसी पट्ट्यातली एक अनुदानित मराठी शाळा. मी तिथे समुपदेशक म्हणून आठवड्यातून दोन दिवस जाते. मुक्ता पाचवीत, दुपारच्या शाळेत, साडेबारा ते साडेपाच. वर्गशिक्षिकांनी तिला माझ्याकडे पाठवलं ते ‘खोटं बोलते’ म्हणून. पालकसभेची चिठ्ठी दिली की दुसऱ्या दिवशी उत्तर ठरलेलं, बाबा गावाला गेलेत. महिन्याभरात बाबा चार वेळा गावाला गेले होते. आणि आई? “आई आजारी आहे.”

मुक्ताची आई दोन सोसायट्यांत धुणीभांडी करते. वडील एका कंपनीच्या गेटवर रात्रपाळीचे वॉचमन, रात्री आठ ते सकाळी आठ. सकाळचा रिलीव्हर उशिरा आला की घरी पोचायला साडेनऊ होतात. मग आंघोळ, दोन घास आणि झोप. मुक्ता शाळेत निघते तेव्हा ते गाढ झोपलेले असतात.

आता शाळेकडे बघू. त्या वर्षी शाळेनं पालकांना खरंच मनापासून हाक दिली होती. वाचनालयाची पुस्तकं लावायची होती, परसबागेत वाफे करायचे होते, क्रीडादिनाला पाणी द्यायला माणसं हवी होती. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप यायचा, “शनिवारी सकाळी दहा वाजता कोण येणार? हात वर करा.” दहा-बारा ठरावीक नावांपुढे हात वर व्हायचे. कार्यक्रम झाला की फोटो, आणि फोटोखाली ‘आमचे सक्रिय पालक’. हेच फोटो फलकावरही लागायचे. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, कौतुकानंच चालायचं सगळं. पण मधल्या सुट्टीत मुलं त्या फलकासमोर उभी राहून काय करतात, ते मी पाहिलंय. ती हजेरी घेतात. “ही माझी आई. तुझी कुठंय?”

मुक्ताच्या वडिलांना भेटायला मी शाळा सुटण्याच्या वेळी बोलावलं, कारण तेवढाच वेळ त्यांच्याकडे होता. ते आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. मूळ गाव लातूरकडचं. म्हणाले, “मॅडम, पोरीला माझी लाज वाटत असंल. म्हणून सांगत न्हाई घरी. तिचं चुकलं न्हाई. वॉचमनच्या पोरीनं काय सांगावं?”

मी ते खरं मानलं. इथे माझी पहिली चूक झाली. मुलीशी नीट बोलण्याआधीच मी वडिलांचं मन उभारायला लागले. “दादा, एकदा तरी या. तिला बघू दे तुम्हाला सगळ्यांबरोबर. शनिवारी पालक मेळावा आहे.”

ते आले. रात्रभर ड्यूटी करून, न झोपता, थेट गेटवरून. सभागृहात पंखा चालू होता, भाषण लांबलं आणि तिसऱ्या रांगेत त्यांचा डोळा लागला. कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळी तो ग्रुपवर आला, खाली हसण्याचे चार-पाच चेहरे. वडिलांनी ग्रुपवर आवाजी निरोप पाठवला, “माफ करा, रात्री ड्यूटी होती.” तो निरोप मी तीनदा ऐकला. पुढे दोन दिवस मुक्ता शाळेत आली नाही.

हे मी लपवत नाही, कारण समुपदेशकाच्या बऱ्या हेतूनंही माणूस दुखावतो. ज्याच्याकडे झोप नाही त्याला मी ‘वेळ काढा’ म्हटलं होतं. पालकांशी बोलणाऱ्या प्रत्येकानं हा शब्दप्रयोग जपून वापरावा. वेळ काढायचा म्हणजे तो कशातून तरी काढावा लागतो, झोपेतून, पगारातून किंवा जेवणातून. त्यांनी तो झोपेतून काढला होता.

मुख्याध्यापकांनी तो फोटो ग्रुपवरून हटवायला लावला आणि वडिलांना स्वतः फोन केला. ते गरजेचंच होतं. मग मी मुक्ताशी बोलले, या वेळी घाई न करता. आम्ही तिच्या घराचा दिवस कागदावर काढला. एक मोठं घड्याळ, आणि कोण कधी काय करतं ते त्यात रंगवायचं. बाबांच्या झोपेचा भाग तिनं निळा रंगवला आणि त्याला पेन्सिलनं दोनदा कुंपण घातलं.

“हे कुंपण कशाला गं?”

“इथं कुणी उठवायचं नाही. दिवसा झोप झाली नाही तर रात्री डोळा लागतो. मग सुपरवायझर फोटो काढून वर पाठवतो. खाडा लावतात.”

म्हणून बाबा गावाला जात होते. चिठ्ठी घरी पोचली असती तर बाबा उठून शाळेत आले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दहा वर्षांची मुलगी बापाच्या झोपेवर पहारा देत होती. आणि आम्ही मोठी माणसं त्याला खोटारडेपणा आणि लाज अशी नावं देत होतो. मेळाव्यातल्या त्या फोटोनं तिला किती लागलं असेल, ते मला त्या दिवशी कळलं. ज्या फोटोची तिला घरी भीती होती, तोच शाळेत निघाला होता.

थोडी लाजही होती. ती तिनंच सांगितली, खाली बघत. “ते युनिफॉर्ममधे आले ना, की मुलं सलाम करतात.” एकाच मुलीच्या मनात काळजी आणि लाज दोन्ही नांदतात. त्यातली एकच खरी म्हणून दुसरी पुसायला जाऊ नये.

पुढचं सगळं योगायोगानं घडलं. ही कागदं दाखवायला मी वडिलांना पुन्हा शाळा सुटताना बोलावलं. ते निळं कुंपण ते बराच वेळ बघत राहिले, बोलले काहीच नाहीत. आम्ही बाहेर आलो तेव्हा साडेपाचची घंटा झाली होती. आमच्या फाटकासमोरचा तो प्रकार रोजचाच: रिक्षा, व्हॅन, आईबापांच्या दुचाक्या, आणि कंपन्या सुटायची वेळ असल्यानं मधूनच घुसणारा टेम्पो. बोलता बोलता वडील थांबले, दोन पावलं पुढे झाले आणि हात आडवा केला. टेम्पो थांबला. मागच्या व्हॅनवाल्याला त्यांनी नुसत्या बोटानं मागे घेतलं. वीस-पंचवीस मुलं रस्ता ओलांडून गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, व्हॅन उलट्या तोंडानं लावा म्हणावं. निघताना मागं घ्यायचं कामच ऱ्हात न्हाई. आन् एक दार फक्त बारक्यांना ठेवा.”

वाचनालय, बाग, क्रीडादिन यांसाठी आम्ही माणसं शोधत होतो. शाळेला रोज लागणारी गोष्ट मात्र आमच्या यादीतच नव्हती. आणि ज्याला ती येत होती त्याची रिकामी वेळ साडेपाचची होती.

मुख्याध्यापकांना हे लगेच पटलं. पण मी आधी मुक्ताला विचारलं. आईबापानं शाळेत येऊन काही करावं का, आणि कसं, यात लेकराला तोंड असावं, विशेषतः नऊ-दहा वर्षांनंतर. तिनं दोन अटी घातल्या. “घरच्या कपड्यात यायचं. आणि झोप झाली नसेल त्या दिवशी यायचं नाही.” वडिलांनी दोन्ही मान्य केल्या. शाळेनं ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणीचा कागद मागितला. मुलांच्या आसपास काम करणाऱ्या कुणाही बाहेरच्या माणसाकडून तो घ्यावा, यात संकोच नको. तो कागद त्यांच्याकडे नोकरीमुळे आधीच होता. सोबत एक शिक्षक कायम राहील असंही ठरलं. आठवड्यातून तीन दिवस, पाच वीस ते पाच पन्नास.

एवढ्यावर थांबलो असतो तर एका घरापुरतं झालं असतं. तोच प्रश्न आणखी कितीतरी घरांत होता. म्हणून शिक्षकांबरोबर बसून आम्ही निरोप लिहायची पद्धत बदलली. आधी ‘सहकार्य अपेक्षित’ असं असायचं. आता काम काय, किती वेळ, कधी, आणि घरून होईल का, एवढं साध्या शब्दांत. उदाहरणार्थ, “पहिलीच्या गणितासाठी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून हवेत. घरी बसून अर्धा तास. काड्या मुलासोबत पाठवू.” या एका निरोपाला, ज्यांनी कधी हात वर केला नव्हता अशा नऊ घरांतून गठ्ठे आले. मुक्ताच्या आईनंही बांधले, रात्री जेवणं झाल्यावर, मुक्ताला मोजायला बसवून. ज्यांना वाचायचा कंटाळा किंवा अडचण आहे त्यांच्यासाठी निरोप आवाजातही जाऊ लागला. फलकावर माणसांऐवजी कामाचे फोटो लागू लागले: लावलेली पुस्तकं, मेथीचे वाफे, काड्यांचे गठ्ठे. एक-दोन पालक नाराज झाले. त्यांचं कौतुक गेल्यासारखं त्यांना वाटलं, आणि ते स्वाभाविक आहे. पण फलक मुलं वाचतात, हे सांगितल्यावर त्यांनी ऐकलं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉइस एपस्टिन यांनी शाळा आणि घर यांच्या नात्याचे सहा प्रकार मांडले आहेत. शाळेत येऊन मदत करणं हा त्यातला फक्त एक. घरचं संगोपन, शाळेशी बोलणं-ऐकणं, घरी शिकण्यात साथ, शाळेच्या निर्णयांत भाग, आणि आजूबाजूच्या समाजाशी जोड हे बाकीचे पाच. मदतीची व्याख्याही त्या रुंद करतात, कुठेही आणि केव्हाही केलेली. त्यांच्या त्या व्याख्येत काड्यांचा गठ्ठा बसतो, आणि माझ्या मते मुलीनं शाळेतलं सांगताना बापानं जागं राहून ऐकलेली दहा मिनिटंही बसतात. मुक्ताच्या घरी ती दहा मिनिटं आम्ही नेमून घेतली, सहा ते सहा दहा, चहा पिताना. ‘अभ्यास झाला का’ हा प्रश्न त्यात विचारायचा नाही. ‘आज कुणाशेजारी बसलीस’ हा चालेल.

निर्णयांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण वडील एकदा म्हणाले, “कमिटी मोठ्या लोकांची असती.” तसं नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांनाही त्यात प्रमाणात जागा असते. धुणीभांडी करणाऱ्या आईची खुर्ची तिथे कायद्यानंच ठेवलेली आहे. बैठक कोणत्या वेळी घ्यायची, हे मात्र शाळेच्या हातात असतं. ती दुपारी दोनला ठेवली तर ती खुर्ची रिकामीच राहणार.

जमत नाही म्हणून कुढणाऱ्या पालकांना मी आता एवढंच सुचवते: गप्प राहू नका, शाळेला दोन ओळी कळवा. “शनिवारी सकाळी मला जमत नाही. संध्याकाळी साडेपाचला अर्धा तास जमतो. मला गाड्या लावता येतात, शिवण येतं, हिशेब येतो.” आपल्याला काय येतं ते शाळेला आपोआप कळत नाही. आणि मुलालाही खरं कारण सांगा, त्याच्या वयाला पेलेल तेवढं. कारण कळलं नाही की मूल स्वतःच एक कारण तयार करतं, आणि मग ते एकट्यानं सांभाळत बसतं.

वडील दिवाळीपर्यंत फाटकावर उभे राहिले. चेक्सचा शर्ट, गळ्यात मुक्तानंच अडकवलेली शिट्टी. सलाम एक-दोन मुलांनी केला. त्यांनी हसून परत केला आणि तो प्रकार तिथेच संपला. दिवाळीनंतर कंपनीनं त्यांना दिवसपाळी दिली. सकाळी आठ ते रात्री आठ. साडेपाचची वेळ गेली. फाटकावर आता एक आजोबा उभे राहतात, वडिलांनी शिकवून ठेवलेले, आणि व्हॅन अजून उलट्या तोंडानंच लागतात.

डिसेंबरात स्नेहसंमेलनाची चिठ्ठी गेली. दुसऱ्या दिवशी मुक्तानं ती बाईंच्या टेबलावर ठेवली. मागे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: “बाबांची ड्यूटी बदलली आहे, त्यामुळे ते येऊ शकत नाहीत. रात्री साडेआठनंतर फोन चालेल.” खाली वडिलांची सही होती.