गाडीचा एसी: गॅस भरला, दोन महिन्यांत परत गेला, आता काय?

प्रश्न: नमस्कार, माझ्या गाडीचा एसी गार करायचा बंद झाला म्हणून गॅस भरून घेतला, एकदम मस्त थंड झालं आणि दोनेक महिन्यांत परत गरम हवा. ब्लोअर जोरात चालतोय, हवा भरपूर येते पण साधी पंख्यासारखी. मेकॅनिक म्हणतो परत गॅस भरू. भरू का? आणि नेमका बिघाड कुठेय ते मला घरी बघता येईल का?

उत्तर: नाही, परत गॅस भरू नका, आधी तो गेला कुठून ते शोधायला लावा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तोच गॅस पाईपांतून गोल गोल फिरत असतो. रबरी पाईपांतून आणि सीलमधून वर्षानुवर्षं थोडाफार झिरपतो हे खरं, पण दोन महिन्यांत गेला म्हणजे लिकेज आहे, आणि नुसता गॅस भरणाऱ्याने तुमचे पैसे घेतले, काम केलंच नाही असं मी स्पष्ट म्हणेन.

घरी काय बघाल? गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू, एसी चालू, आणि बोनेट उघडून काँप्रेसरकडे, म्हणजे बेल्टवर चालणाऱ्या, गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाकडे बघा (हात, ओढणी, सैल बाही बेल्ट आणि फॅनपासून लांब, फॅन कधीही अचानक सुरू होतो). पुली इंजिनबरोबर फिरतच असते, ती बघून फसू नका. तिच्या तोंडावरची प्लेट बघायची. एसीचं बटण दाबलं की टक् असा आवाज येऊन ती प्लेटपण फिरायला लागली पाहिजे. ही प्लेट म्हणजे काँप्रेसरचा क्लच, पुलीशी जोडून काँप्रेसर चालू करणारा. काही गाड्यांत तो नसतोच, तिथे ही खूण चालत नाही.

प्लेट फिरत नसेल तर फ्यूज, रिले, वायर, क्लचची कॉइल यातलं काहीतरी गेलेलं असू शकतं, पण तुमच्या केसमध्ये जास्त शक्यता ही की गॅस इतका कमी झालाय की प्रेशर स्विचच काँप्रेसरला चालू होऊ देत नाहीये. हा स्विच मुद्दाम दिलेला असतो, कारण काँप्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं, गॅस नाही तर ऑइलही परत येत नाही आणि कोरडा चालला की तो आतून घासून जातो, मग त्याचा चुरा सगळ्या पाईपांत आणि कंडेन्सरमध्ये (रेडिएटरच्या पुढे असतो, गॅसची उष्णता बाहेर टाकतो). म्हणून कोणी स्विचला वायर जोडून काँप्रेसर जबरदस्तीने चालवून दाखवतो म्हणाला तर प्लीज थांबवा त्याला.

आता इंजिन बंद करून, गार झाल्यावर, टॉर्च घ्या. याच ऑइलमुळे लिकेजचा माग लागतो. जिथून गॅस जातो तिथे थोडं ऑइलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून काळपट चिकट डाग पडतो. पाईपांचे जोड बघा, काँप्रेसरच्या शाफ्टपाशी बघा, पुढे जाळीतून कंडेन्सर बघा, रस्त्यावरचे खडे उडून तोच जास्त मार खातो. आणि गॅस भरायच्या दोन नळ्यांवरची टोपणं काढून बघा, आत टायरच्या वाल्व्हसारखी बारीक पिन असते, ती गळत असली तर अगदी किरकोळ काम असतं पण तिच्याकडे कोणी बघतच नाही. पिन दाबू मात्र नका आणि कुठलाही जोड स्वतः खोलू नका. जुन्या गाड्यांतला गॅस, आर-१३४ए, उणे २६ अंशाला उकळतो, बोटावर उडाला तर कातडी गोठते, शिवाय हवेत सोडला तर वजनाला वजन धरून कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो.

बाहेर कुठेच डाग नाही तर डॅशबोर्डच्या आतल्या, केबिनची हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर संशय घ्यायचा, ती डोळ्याने दिसत नाही, गळणारा गॅस ओळखणारा डिटेक्टर लागतो.

एसीवाल्याकडे गेलात की सांगा, नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट कर, नाहीतर यूव्ही लाइटमध्ये चमकणारा रंग (डाय) टाकून त्या लाइटने बघ. लिकेज दुरुस्त झाल्यावर किमान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने पाईपांतली हवा आणि ओल ओढून काढणं), ते टिकतंय का ते बघणं, आणि मग गॅस वजनावर भरणं. किती ग्रॅम ते बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, गॅस कुठला तेपण. नव्या बऱ्याच गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो, त्यात दुसरा घालायचा नाही. आणि जास्त भरला म्हणून जास्त गार होत नाही, उलट प्रेशर वाढून कूलिंग कमी होतं.

प्रश्न: हायवेला एसी छान, सिग्नलला थांबलं की गरम. गॅस कमी का?

उत्तर: आधी कंडेन्सरचा फॅन बघा. गाडी पळत असताना वारा आपोआप लागतो, थांबल्यावर सगळी भिस्त फॅनवर. उभ्या गाडीत एसी लावून फॅन फिरतो का आणि नीट जोरात फिरतो का बघा, नसेल तर फ्यूज, रिले नाहीतर मोटर. फॅन ठीक असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटरमधल्या फटीत कचरा अडकलाय का बघा, साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, जोराचा प्रेशर मारला तर पातळ पत्रे दबतात. एवढं करूनही फरक नाही पडला तरच गॅसचं प्रेशर मोजायला गेज लावायला सांगा.

प्रश्न: तासभर गार, मग हवाच येईनाशी होते, थोडा वेळ बंद ठेवला की परत नीट.

उत्तर: कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. बंद ठेवल्यावर वितळतो आणि गाडीखाली नेहमीपेक्षा जास्त पाणी पडतं, ते बघा म्हणजे खात्री होईल. पहिल्यांदा केबिन फिल्टर काढा, बहुतेक गाड्यांत ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो, तुंबला असेल तर बदला. तरी होत असेल तर कॉइलचा टेंपरेचर सेन्सर चेक करून घ्या, तो बिघडला की काँप्रेसर वेळेवर बंदच होत नाही.