पणजीचं नाव माहीत नसेल तर

म्हणून वंशावळीतून तिची नोंद गाळू नका. व्यक्ती जोडा, नावाची जागा कोरी ठेवा. 'अज्ञात' किंवा प्रश्नचिन्ह टाकलंत, तर पुढे ढीगभर 'अज्ञात' जमतात आणि शोधताना डोकं फिरतं. ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोऱ्या नावाच्या जागी काय दिसावं, ते सेटिंगमध्ये ठरवता येतं.

आपल्याकडे खरी गोची सासरच्या नावाची. लग्नात नाव बदललेलं असायचं, त्यामुळे 'लक्ष्मीबाई' हे जन्मनाव समजून भरू नका. नावाचा प्रकार 'लग्नानंतरचं' निवडा, माहेरचं आडनाव कोरं राहू द्या. 'जिजी', 'माई' टोपणनावात. 'माहेर वाईकडचं' एवढंच कळलं तरी टिपणात लिहा, कोणी सांगितलं त्यासकट. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्याही पाहा. बायकांची नावं तिथे काही वेळा सापडतात.