बँडच्या म्होरक्याने एकट्याने पुन्हा वाजवलेली गाणी कुणाच्या नावावर लावायची?

तुम्ही विचारलंय की जेफ लिनचा २०१२ चा 'मिस्टर ब्लू स्काय' अल्बमच्या यादीत संकलन म्हणून लावायचा की स्टुडिओ अल्बम म्हणून, कारण कव्हरवर नाव त्याच्या इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या बँडचं आणि आत जवळपास सगळी वाद्यं लिनचीच.

संकलन तर अजिबात नाही. अकरा जुनी गाणी आणि एक नवं, सगळं नव्याने वाजवलेलं. जुनी टेप एकही नाही, मग संकलन कशाचं?

नाव कुणाचं, हा खरा प्रश्न. तिथं माझं दुखणं आहे.

नव्वदच्या दशकात मी बेळगावात एका बँजो पार्टीत बँजो वाजवायचो. कपिलेश्वर तलावाकडे जाणारी विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालायची, तोवर बोटांची सालं निघालेली असायची. कोल्हापूरला जाऊन आम्ही गणपतीच्या गाण्यांची एक कॅसेट केली. सहा जण, एक खोली. ताशावाला चुकला की सगळ्यांनी परत पहिल्यापासून. खडे बाजारात ती कॅसेट बऱ्यापैकी खपली.

वीसेक वर्षांनी भाच्याने मोबाइलवर तीच गाणी ऐकवली. पार्टीचं नाव तेच, फोटोही आमचा सहा जणांचाच. पण बँजो कुठाय? पार्टीच्या म्होरक्याने, आमच्या मास्तरांनी, घरी बसून कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवर सगळं उरकलेलं. मी फोन केला, तर म्हणाले, "आता बँजोला कोण विचारतंय? कीबोर्डात सगळं येतंय की!"

येतं ना. मिंड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ते सोडून सगळं येतं.

म्हणून माझं मत: असा अल्बम म्होरक्याच्या नावावर लावा, प्रकार स्टुडिओ अल्बम, पुढे 'पुन्हा ध्वनिमुद्रित' असा शेरा. रॉजर वॉटर्सने २०२३ मध्ये 'डार्क साइड ऑफ द मून' पुन्हा केला तेव्हा स्वतःचं नाव घातलं, त्याच्या जुन्या बँडचं, पिंक फ्लॉइडचं नाही. लिनच्या अल्बममधल्या 'लिव्हिन थिंग' या गाण्यातलं १९७६ चं व्हायोलिन बँडच्या मिक कामिन्स्कीचं. ते नसेल तर बँडचं नाव कशाच्या जोरावर?

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. लिनची गाणी त्याने स्वतःच लिहिलेली, आणि कव्हरवर बँडचं नाव छापलेलं असताना तुम्ही यादीत वेगळं लावलंत तर शोधणाऱ्याला सापडणार नाही. तेव्हा बँडच्या नावाखालीही एक नोंद ठेवा. टेलर स्विफ्टचा २०२१ चा 'फिअरलेस' इथं ओढू नका, ती मुळात एकटीच गाणारी. जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क दुसऱ्याकडे, म्हणून तिने पुन्हा गायलं. आमच्या मास्तरांचंही थोडं तसंच होतं. ध्वनिमुद्रण कॅसेट कंपनीचं, आणि आपल्याकडे तो हक्क ६० वर्षं चालतो. पुन्हा वाजवण्याशिवाय त्यांना वाट नव्हती, हे मला पटतं. पण फोटो का लावला?

माझ्या हार्ड डिस्कवर जुनी कॅसेट पार्टीच्या नावाने आहे, सहाही नावं टाकून. नवीन गाणी मास्तरांच्या नावाने.

आणि मास्तर, वाचत असाल तर, पहिल्या गाण्याच्या सुरुवातीचा पीस मी बसवलेला. तुम्ही शिट्टीवर वाजवून दाखवला होता असं सगळीकडे सांगता, पण तुम्हाला शिट्टी येतच नाही.